बंद दारामागील बंधुभाव

धरमपेठेतील व्यापारी मंडळींच्या बैठकींत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघू लागला आहे व तो आमच्यापर्यंतही येऊन पोहोचला आहे. फ्रीमेसन म्हणजे कोण, आणि त्यांच्या मंडळीत शिरावे की न शिरावे? विचारणारे दोन प्रकारचे आहेत. एकास कोणी प्रतिष्ठित स्नेही, वकील म्हणा, डॉक्टर म्हणा, निवृत्त सेनाधिकारी म्हणा, हळूच सुचवितो की, आपल्यासारख्या गृहस्थाने आमच्यात यावयास हरकत नाही. दुसऱ्यास भ्रमणध्वनीवर कोठून तरी संदेश येतो की, अमुक शुल्क भरा, गुप्त मंडळीचे सभासद व्हा आणि अल्पावधीत धनाढ्य व्हा. पहिला साशंक असतो, दुसरा आशावंत. दोघांच्या मनातील चित्र मात्र एकाच कुंचल्याने काढलेले असते. ते म्हणजे बंद दार, काळोखी खोली, आणि आत काहीतरी अघटित.

या चित्राचा जन्म आजचा नव्हे. उत्तर हिंदुस्थानात या लोकांच्या इमारतींस लोक पूर्वीपासून 'जादूघर' म्हणत आले. ज्या घराच्या खिडक्या सायंकाळी लावून घेतात, ज्याच्या दाराशी एक इसम उपसलेली तलवार घेऊन उभा असतो, आत साहेब लोक आणि बाहेर त्यांचा पट्टेवाला, अशा घरात काय चालत असेल याविषयी त्या पट्टेवाल्याने आपली कल्पना थोडी मोकळी सोडली असेल, तर त्यास दोष कोणी द्यावा? परंतु कल्पनेस ज्ञानाचा मान देणे सुशिक्षितांस शोभत नाही. म्हणून या मंडळीविषयी जे निश्चित ठाऊक आहे ते आधी सांगून मग आमचा अभिप्राय देऊ.

फ्रीमेसन या शब्दात मूळचा पाथरवट आहे. युरोपात मध्ययुगी जी प्रचंड देवालये उभी राहिली ती बांधणाऱ्या कारागिरांचे संघ असत, आणि कामाच्या जागी ते जी पडवी उभारीत तिला लॉज म्हणत. कामाची विद्या, मजुरीचे दर व खऱ्या उस्तादास ओळखण्याच्या खुणा संघाबाहेर जाऊ नयेत अशी त्यांची खबरदारी असे. पुढे ज्यांनी जन्मात टाकी हाती धरली नाही असे विद्वान व जमीनदार इंग्लंड-स्कॉटलंडातील अशा संघांत सतराव्या शतकात शिरू लागले. दगड मागे पडला, रूपक उरले. १७१७ साली लंडन येथील चार लॉजांनी मिळून ग्रँड लॉज स्थापन केली असे ही मंडळी मानते, आणि १७२३ साली जेम्स अँडरसन याने तयार केलेले नियमांचे पुस्तक छापून निघाले. तेव्हापासून ही संस्था कारागिरांची न राहता सद्गृहस्थांची झाली.

तिची शिकवण कठीण नाही. सभासदाच्या तीन पायऱ्या; आमच्या भाषेत सांगावयाचे तर शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. गुण्या, ओळंबा, पाणसळ, कंपास ही गवंड्याची हत्यारे प्रत्येक पायरीवर पुढे ठेवून त्यांचे नैतिक अर्थ सांगतात. गुण्या हा सचोटीचा, पाणसळ समतेची, कंपास संयमाचा. अनघड धोंडा म्हणजे नवा मनुष्य आणि घडीव चिरा म्हणजे त्याचे व्हावयाचे रूप. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आमच्या आज्या सांगत आल्या. त्याच म्हणीचे तीन अंकी नाटक करून ते गंभीरपणे करून दाखवावे, तशी ही दीक्षा आहे. नव्या उमेदवाराचे डोळे बांधतात आणि अंगावरील पैसाअडका व धातूची प्रत्येक वस्तू काढून घेतात. मग ऐन विधीत त्याच्यापाशी धर्मार्थ काही देण्याची मागणी होते. तो खिसे चाचपतो. खिशात दमडी नसते. त्या क्षणी त्यास सांगण्यात येते की, कोणी गरजू तुझ्यापुढे हात पसरील तेव्हा आपली ही स्थिती आठव. सराफ्यातील किंवा कापडबाजारातील मनुष्यास हा प्रसंग मोठ्या प्रवचनापेक्षा अधिक काही शिकवून जाईल, हे कबूल केले पाहिजे.

उमेदवाराची ईश्वरावर श्रद्धा असावी लागते. तो ईश्वर कोणता, हे विचारीत नाहीत. त्यास ते विश्वाचा महान शिल्पकार म्हणतात; आमच्या सुतार-लोहारांस विश्वकर्मा कळतो, तेव्हा ही कल्पना येथे परकी वाटावयाची नाही. फ्रान्समधील मुख्य संस्थेने १८७७ साली ही ईश्वरश्रद्धेची अट काढून टाकली व त्यावरून इंग्रज बंधूंनी तिच्याशी संबंध तोडले, तो तंटा आजतागायत मिटलेला नाही. लॉजाच्या बैठकीत धर्म व राजकारण यांवर वाद करण्यास मनाई आहे. नवा सभासद घ्यावयाचा तर पेटीत पांढऱ्या व काळ्या गोळ्या टाकून गुप्त मत घेतात.

आता गुपिताविषयी. गुपित आहे, परंतु ते लोक समजतात तेवढे मोठे नाही. सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या गृहस्थाने १७३० सालीच लंडनात या मंडळीचे विधी छापून विकले आणि तेव्हापासून अशी पुस्तके निघतच आहेत. उरते ते एकमेकांस ओळखण्याच्या खुणा व शब्द. शपथ मोडल्यास भयंकर देहदंड होईल अशी जी जुनी भाषा शपथेत असे, तिचा उपयोग कोणी करीत नव्हते. तरी ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राही. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ साली ती शपथेतून काढून टाकली. स्वतः फ्रीमेसन असल्याचे सांगण्यास सभासदास कोणतीही आडकाठी नाही.

हिंदुस्थानात ही संस्था कंपनी सरकारच्या गलबतांतून आली. कलकत्त्यास १७३० साली व मुंबईस १७५८ साली लॉज निघाली, आणि पलटणींबरोबर ती छावणीछावणींतून फिरू लागली. ज्या शहराच्या वेशीवर १८२१ पासून कामठीची छावणी आहे, त्या नागपुरास या लोकांची वार्ता लागली नसती तरच नवल. परंतु वार्ता निराळी आणि प्रवेश निराळा. मनुष्यमात्र भाऊ आहे असे ज्यांच्या नियमांत लिहिलेले, त्यांनी या देशातील मनुष्यास भाऊ म्हणण्यास किती काळ लावला, ही हकीकत मुंबई व कलकत्ता येथे घडली, आणि आमच्या मते या विषयातील खरी शिकण्यासारखी गोष्ट तीच होय.

मुंबईचे माणकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ इंग्रजी विद्येत निष्णात होते व सुधारणेचे अभिमानी होते. मुलींस इंग्रजी शिक्षण देणारी अलेक्झांड्रा शाळा १८६३ साली त्यांनीच काढली. त्यांस फ्रीमेसन व्हावयाचे होते. मुंबईच्या युरोपियन लॉजांत त्यांस दार उघडेना. ते विलायतेस गेले आणि अखेर पॅरिस येथील एका लॉजाने त्यांस दीक्षा दिली. दीक्षा घेऊन भाऊ झालेला मनुष्य स्वदेशी परतला, तरी येथील भावांचा संकोच सुटेना. तेव्हा स्कॉटलंडच्या शाखेचे येथील प्रमुख डॉक्टर जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांस घेणारी निराळीच लॉज काढली. 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे तिचे नाव. १८४३ च्या डिसेंबरात तिची स्थापना झाली. या बर्न्सचे सख्खे बंधू अलेक्झांडर बर्न्स दोनच वर्षांपूर्वी काबूल येथे मारले गेले होते. ज्याच्या घरात आशियाच्या एका शहरात असा घाव बसला, त्याने आशियातील दुसऱ्या शहरात परक्या जातीच्या लोकांस भाऊ म्हणून हात द्यावा, ही गोष्ट आम्ही लहान मानीत नाही.

या लॉजात पारशी व मुसलमान आले. हिंदूंचा प्रश्न अधिक काळ रखडला. आक्षेप असा की, हिंदू अनेक देव मानतो, मग त्याची शपथ कोणत्या देवाची समजावयाची? कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ साली अर्ज केला. बंगालमधील श्रेष्ठींनी अडविले, पत्रव्यवहार लंडनपर्यंत गेला, आणि १८७२ साली त्यांस प्रवेश मिळाला. एका मनुष्याच्या एका दारात शिरण्यास नऊ वर्षे लागली. त्याच 'अँकर अँड होप' लॉजात १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त हा तरुण दाखल झाला, ज्यास पुढे जगाने स्वामी विवेकानंद म्हणून ओळखिले. मुंबईकडे सर फिरोजशहा मेहता, पंडित खरशेटजी रुस्तमजी कामा, उत्तरेत मोतीलाल नेहरू अशी नावे या मंडळीत दिसतात. म्हणजे देशातील थोरांनी ती तुच्छ मानली नाही, हे उघड आहे.

आत गेल्यावर मात्र काय झाले? मुंबईत जन्मलेला इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग १८८६ साली लाहोरच्या लॉजात दाखल झाला. 'द मदर लॉज' या कवितेत त्याने हिंदू, मुसलमान, शीख, पारशी, ज्यू, ख्रिस्ती असे सर्व बंधू एके ठिकाणी बसल्याचे प्रेमाने वर्णिले आहे. पण त्याच कवितेत तो हेही सांगून जातो की, कोणा बंधूची जात बाटू नये म्हणून ते एकत्र जेवण करीत नसत. पाणसळ मांडली, समतेचे पाठ झाले, आणि पानावर बसावयाची वेळ येताच ज्याने त्याने आपली पगडी उचलली. हा दोष इंग्रजाचा नव्हे. आमचा आहे, आणि तो आम्ही आमच्याच पदरी बांधून घेतला पाहिजे.

कारण नेमकी हीच गाठ सोडविण्यासाठी त्याच मुंबईत आमच्याच लोकांनी एक गुप्त मंडळी काढली होती, आणि धरमपेठेतील किती वाचकांस तिचे नाव ठाऊक असेल याची आम्हास शंका आहे. व्याकरणकार दादोबा पांडुरंग व त्यांचे स्नेही यांनी १८४९ साली परमहंस मंडळी स्थापिली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. ईश्वर एक, जात खोटी, हे तिचे मत. फ्रीमेसनांप्रमाणे तिचीही बैठक बंद दाराआड भरे आणि तिलाही दीक्षाविधी होता. परंतु तो विधी गुण्या-ओळंब्याचा नव्हता. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावयाचा व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे. लाहोरच्या बंधूंनी जे टाळले तेच येथे प्रवेशाचे शुल्क होते! ज्यांस आज हे किरकोळ वाटेल त्यांनी त्या काळच्या बहिष्काराचे स्वरूप आठवावे. बहिष्कृताच्या घरी न्हावी येत नसे, भटजी येत नसे, मुलीचे लग्न ठरत नसे, आणि मेल्यावर खांद्यास चार माणसे मिळत नसत. त्या पावाच्या तुकड्यात मनुष्याचा सारा संसार पणास लागलेला असे.

१८६० च्या सुमारास या मंडळीच्या सभासदांची यादी बाहेर फुटली, आणि नावे उजेडात येतील या भयानेच मंडळी विस्कटून गेली. ज्यांनी बंद खोलीत पाव खाल्ला होता, त्यांतील अनेकांचे उजेडात तो खाण्याचे धैर्य झाले नाही. त्यांस भित्रे म्हणून हसणे सोपे आहे. आम्ही हसत नाही. दादोबांचे धाकटे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज काढला तो उघड्यावर, आणि १८७३ साली जोतीराव फुले यांनी पुण्यास सत्यशोधक समाज काढला तोही उघड्यावर. परमहंस मंडळीची चूक मागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडली असे आम्हास वाटते.

याच्या शेजारी दुसरी एक यादी ठेवून पाहावी. १९८१ साली इटलीच्या पोलिसांस लिचो जेल्ली नावाच्या इसमाच्या जागेत एक यादी सापडली. 'प्रोपागांदा दुए' या लॉजाची ती यादी. तीत मंत्री, सेनापती, न्यायखात्यातील अधिकारी, पेढीवाले, वृत्तपत्रकार अशी नऊशेंहून अधिक नावे होती. या लॉजास तेथील मुख्य संस्थेने १९७६ सालीच निलंबित केले होते, तरी तिचे कारस्थान आतल्या आत चालूच राहिले. यादी प्रसिद्ध होताच इटलीचे मंत्रिमंडळ कोसळले. मुंबईच्या यादीत दुबळ्यांची नावे होती व त्यांस समाजाचे भय होते. इटलीच्या यादीत बलवंतांची नावे होती, आणि भय वाटावयाचे ते समाजास. गुपित तेच, पण एक ढालीसारखे धरलेले व दुसरे कट्यारीसारखे. म्हणून गुप्तता चांगली की वाईट, असा घाऊक प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ती कोण बाळगतो, आणि तिच्या आडून बाहेरच्या कोणाचे नुकसान होते, हे पाहिले पाहिजे.

फ्रीमेसनांनाही ढालीची गरज पडलेली आहे. पोपने १७३८ साली त्यांच्यावर बंदी घातली. हिटलरच्या जर्मनीत त्यांच्या लॉज बंद करून कित्येकांस छळछावण्यांत धाडण्यात आले. शेजारच्या पाकिस्तानात १९७२ साली त्यांस मनाई झाली. जुलमी सत्ता ज्या संस्थेस भिते तिच्यात काही चांगले असलेच पाहिजे, असे त्यावरून कोणी म्हणेल. तसे सिद्ध होत नाही. परंतु या मंडळीविषयी पसरविलेल्या पुष्कळशा दंतकथा कोणाच्या कारखान्यात तयार झाल्या, हे त्यावरून कळते.

लॉजातील बंधूने कचेरीत, न्यायासनावर किंवा टेंडर उघडताना आपल्या बंधूची बाजू घेतली तर काय, हा आक्षेप मात्र दंतकथा नव्हे. इंग्लंडात १९९८ पासून नव्या न्यायाधीशांस आपण फ्रीमेसन असल्यास तसे सांगावे लागे. ती अट २००९ साली काढून घेण्यात आली. संस्थेचे म्हणणे असे की, सभासदत्वाचा असा उपयोग करणे नियमांनीच निषिद्ध आहे. नियम असेल, आमचा अनुभव असा की, मनुष्य जेथे दर महिन्यास एकत्र बसतो तेथे ओळखीचा उपयोग होतोच, मग ती लॉज असो की जिमखाना. आणि येथे फ्रीमेसनांकडे बोट दाखविणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहावे. आमची ज्ञातिमंडळे, ज्ञातीची वसतिगृहे, ज्ञातीच्या पतपेढ्या, ज्ञातीचे वधूवरमेळावे! यांच्या दाराशी तलवारधारी नसतो, कारण त्याची गरजच नाही; आडनाव ऐकताच दार आपोआप लागते. लॉजात निदान ब्राह्मणाशेजारी मुसलमान बसतो.

स्त्रियांविषयी या मंडळीची वृत्ती आम्हास मुळीच मान्य नाही. १७२३ च्या नियमांत स्त्रियांस व गुलामांस एकाच दमात वगळले होते. गुलामगिरी गेली, स्त्रियांवरील बंदी हिंदुस्थानच्या ग्रँड लॉजात अद्याप आहे. फ्रान्समध्ये मारिया देरेम या बाईंनी १८९३ साली स्त्रीपुरुषांची संयुक्त मंडळी काढली आणि ॲनी बेझंटबाईंनी पुढे तिचा पुरस्कार केला, परंतु जुनी संस्था त्यांस बहिणी म्हणावयास तयार नाही. ज्या माणकजींनी दाराबाहेर उभे राहण्याचे दुःख भोगले, त्यांनी मुलींची शाळा काढली. त्यांच्या वारसांस हे सुचू नये याचे आश्चर्य वाटते.

उलट एक गोष्ट त्यांच्या जमेस धरली पाहिजे. १९६१ च्या नोव्हेंबरात येथील पुष्कळ लॉजांनी मिळून हिंदुस्थानची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापिली. रामपूरचे नवाब रझा अली खान हे तिचे पहिले प्रमुख. तिच्या नियमाप्रमाणे बैठकीत गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथ साहिब व झेंद अवेस्ता हे पाच ग्रंथ मांडण्यात येतात. फाळणीस जेमतेम चौदा वर्षे लोटली होती तोच एका खोलीत हे पाच ग्रंथ शेजारी शेजारी ठेवण्याचे ज्यांस सुचले, त्यांची बुद्धी शुद्ध होती. आमचे मागणे एवढेच की, ती खोली रस्त्यावरून दिसावी.

कारण उघड्यावर घेतलेली शपथ कशी असते, हे नागपूरकरांस दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. धरमपेठेहून दीक्षाभूमीस जावयास फार वेळ लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्या मैदानावर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो लोकांसमक्ष बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व जमलेल्या समुदायास ती देऊन बावीस प्रतिज्ञा वदविल्या. तेथे दार नव्हते, गोळ्यांची पेटी नव्हती, स्त्रियांस मनाई नव्हती. ज्यांस शतकानुशतके प्रत्येक दाराबाहेर उभे केले होते, त्यांनी स्वतःचे बंधुत्व भर उन्हात, मोठ्याने, नावागावासह उच्चारले. परमहंस मंडळीच्या फुटलेल्या यादीनंतर सुमारे शंभर वर्षांनी आमच्या शहरात हे घडले.

आता ज्यांनी आम्हास विचारले त्यांच्यापुरते. ज्यास लॉजात जावेसे वाटते त्याने खुशाल जावे. त्यात पाप नाही व जादूही नाही. मात्र वार्षिक वर्गणी किती, दीक्षेचा खर्च किती, धर्मादायाचा पैसा कोठे जातो, हे आधी विचारून घ्यावे, आणि घरच्या मंडळींस सांगून जावे. व्यवहार वाढेल या आशेने जाणाऱ्याची निराशा होईल, आणि तसे झालेले बरे. पाठ करावयाचे पुष्कळ असते. ज्यास शाळेत कविता पाठ होत नसत त्याने विचार करावा.

दुसऱ्यास, म्हणजे ज्यास भ्रमणध्वनीवर निमंत्रण आले आहे त्यास, आम्ही निक्षून सांगतो की, खरी फ्रीमेसन मंडळी अनोळखी माणसास संदेश पाठवून बोलावीत नाही, श्रीमंतीचे वचन देत नाही, आणि नोंदणीशुल्क म्हणून परक्या खात्यात पैसे मागत नाही. तेथे सभासदांच्या ओळखीने, समक्ष भेटीने व मतदानानेच प्रवेश मिळतो. 'इल्युमिनाटी' वगैरे नावे घेऊन जे पैसे मागतात ते निव्वळ भामटे होत. ज्याने पैसे पाठविले असतील त्याने लाजेस्तव गप्प बसू नये, कारण त्या भामट्याचे सारे भांडवल म्हणजे ही लाजच आहे. सरकारने अशा फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक ठेविला आहे. त्यावर त्याच दिवशी कळवावे, आणि संदेश पुसून टाकू नयेत.